नोटिशीचं दुसरं पान

१२ मार्च, मंगळवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. पाकीट जाड बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत आणि गुडघा सोडला तर मीही आहे. तुम्ही तिघंही मजेत असाल असं धरून चालते. दर दोन महिन्यांनी 'तब्येत बरी, हवा बरी' एवढंच कार्ड पाठवणारी ताई आज पानंच्या पानं का भरते आहे, असं तुला वाटेल. फोन का केला नाही, असंही वाटेल. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मग माझं सांगायचं राहून जातं, म्हणून.

बातमी अशी की आपली गोदी उघडते आहे. जहाजं बांधायला नव्हे, माणसांना राहायला आणि हिंडायला. नौदलाने ती शेवटी शहराला देऊन टाकली. चौदा वर्षं कुलूप घातलेलं मोठं फाटक जानेवारीत उघडलं, तेव्हा बिजागऱ्या अशा किंचाळल्या की बाबांनासुद्धा ऐकू आलं. यावरून काय ते समज.

जुन्या इमारती पाडायच्या नाहीत, आतून दुरुस्त करायच्या, असं ठरलं आहे. लोहारशाळेत बेकरी येणार. भट्टीच्या जागी भट्टीच, फक्त लोखंडाऐवजी पाव निघतील. दोरखान्यात वाचनालय आणि छोटी दुकानं. कोठारांमध्ये घरं. सुक्या गोदीच्या दगडी पायऱ्यांवर लोक संध्याकाळी बसून गाणं ऐकणार म्हणे. त्याच पायऱ्यांवर तू एकदा घसरून दात पाडून घेतला होतास, हे मी तिथल्या आर्किटेक्ट बाईंना सांगितलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. म्हणजे तुझा दात आता इतिहासात गेला.

या बाई तिशीच्या आहेत, कायम पिवळी शिरस्त्राण-टोपी घालून फिरतात. बाबांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'पिवळी टोपी' ठेवलं आणि ते सगळ्या कामगारांच्या तोंडी बसलं. त्या आमच्या घरी आल्या त्या जुन्या मुकादमाला भेटायला. जहाजाचं सुतारकाम केलेला, सगळी गोदी आतून ठाऊक असलेला, आणि अजून हयात असलेला माणूस त्यांना हवा होता. तिन्ही अटी पुऱ्या करणारे बाबा एकटेच. सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, हे ऐकून त्या जरा कचरल्या. बाबांनी तोवर चपला घातल्या होत्या.

तेव्हापासून स्वारी रोज सकाळी नऊला फाटकावर हजर. काठीने भिंत ठोकून सांगतात, ही मूळची, ही नंतरची, ही कोणा गाढवाने घातलेली. त्यांनाही एक पिवळी टोपी मिळाली आहे. ती घरात पेपर वाचतानाही डोक्यावर असते. म्हणतात, छताचा भरवसा नाही.

परवा कमाल झाली. रेघांचा माळा आठवतो ना? दुसऱ्या मजल्यावरची ती लांबरुंद लाकडी जमीन, जिच्यावर जहाजाच्या पोटाची एकेक रेघ खऱ्या मापाने कोरायचे आणि त्यावरून साचे कापायचे. तिथे आता शहराचं सभागृह होणार. कंत्राटदाराला ते नुसते ओरखडे वाटले. त्याने जमीन तासून गुळगुळीत करायला मशीन आणलं. बाबा त्या मशीनसमोर पालथे पडले. शब्दशः. मग तसेच पडल्या पडल्या एका रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, ही तुमच्या बापाच्या वयाच्या जहाजाची बरगडी आहे, हिला हात लावाल तर याद राखा. मशीन परत गेलं. बाबांना मात्र उठता येईना. चौघांनी उचललं, तेव्हा वर त्यांनाच दटावलं की सावकाश, जहाज पाण्यात सोडताना कोणी गदागदा हलवतं का?

मीही रिकामी नाही. गोदी बंद झाल्यावर दप्तरखाना सांभाळायला एकट्या मलाच ठेवलं होतं, हे तुला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तरी कुठल्या कपाटात काय आहे ते मलाच माहीत. म्हणून आर्किटेक्ट बाईंनी मला बोलावलं. त्यांना एक कोडं पडलं आहे. बाकी ठिकाणच्या अशा गोद्या बंद झाल्या झाल्या जमीनदोस्त झाल्या, मग ही कशी वाचली? कागद चाळताना त्यांना गोदी बंद केल्याच्या नोटिशीच्या तळाशी 'पान दोन पाहा' असं दिसलं. दुसरं पान काही सापडत नाही. वर पाठवलेली मूळ प्रत कुठे गेली, ते वरच्यांनाही सांगता येत नाही.

असो. जुने कागद म्हणजे असंच असायचं. इकडे हवा छान पडली आहे. मागच्या अंगणात टोमॅटो लावलेत, बाबा त्यांनाही काठीने ठोकून बघतात.

पत्र लिही, फोन नको.

तुझी,
ताई

ता. क. मेहुण्यांना माझा नमस्कार सांग.


२ एप्रिल, मंगळवार

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मी पाच पानं लिहिली आणि तू दोन वाक्यांत उत्तर दिलंस: 'चौदा वर्षांत पहिल्यांदा ह्यांना नमस्कार लिहिला आहेस. ताई, तू काय केलं आहेस?'

लहानपणापासून तू अशीच. मी पेढ्यासारखं गोड बोलू लागले की तू माझी मूठ उघडून बघायचीस.

बरं, सांगते. मधे उठू नकोस, आणि हे पत्र आधी तू एकटी वाच.

ते दुसरं पान हरवलेलं नाही. माझ्याकडे आहे. कपाटात, हिवाळ्याच्या शालीखाली.

बंदीच्या वेळची गोष्ट तुला फाटकाच्या बाहेरून माहीत आहे, मी आतून सांगते. पाच जणांची समिती होती. गोदीचे इमारत इंजिनियर म्हणून मेहुणे तिच्यात होते, सगळ्यांत तरुण. समितीचं टायपिंग माझ्याकडे होतं. जग कुठे गेलं तरी आपल्या ऑफिसात टाइपरायटर आणि कार्बन. पहिल्या पानावर दोन गोष्टी होत्या: गोदी बंद करावी आणि सगळ्या इमारती पाडून जमीन मोकळी करावी. खाली पाच सह्या. पाचवी मेहुण्यांची, आणि तिच्या शेजारी त्यांनीच लिहायला लावलेलं 'पान दोन पाहा'.

दुसरं पान सबंध त्यांचं एकट्याचं होतं. मी टाइप केलं, त्यामुळे मला ते अजून पाठ आहे. नवी जहाजं या गोदीत मावत नाहीत, म्हणून जहाजबांधणी थांबवायला माझी हरकत नाही. पण इमारती पाडायला माझी संमती नाही. त्या पक्क्या आहेत, पुन्हा अशा कोणी बांधणार नाही. त्या राखायला इथल्याच साठ कारागिरांना कामावर ठेवावं. असं एक सबंध पान. साठ जणांची यादीही जोडली होती, आणि भिंगरी, त्या यादीत आपल्या गल्लीतले अकरा जण होते.

नोटीस फाटकावर लावायची वेळ आली तेव्हा मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, पहिलंच पान लावा, दुसऱ्याने लोकांच्या आशा उगाच वाढतील. आणि त्याच दमात म्हणाले, दप्तरखाना सांभाळायला कोणीतरी लागेल, तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे.

मी खाली गेले आणि पहिलं पान लावलं. चार टाचण्या, चारही कोपऱ्यांत. दुसरं पान पर्समध्ये घातलं.

पुढचं तुला माहीत आहे. लोकांना पाच सह्या दिसल्या, शेजारच्या बारीक 'पान दोन पाहा'कडे कोणाचं लक्षच गेलं नाही. त्यांतली चार माणसं परगावची, शिव्या द्यायला हाताशी कोण? आपलेच मेहुणे. बाबा तेव्हा निवृत्त होते, तरी रोज फाटकाशी जाऊन बसायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं त्यांच्यासमोर रडली. बाबांनी सरळ तुमचं घर गाठलं आणि जावयाला म्हणाले, माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. मग तूही बाणेदार, म्हणालीस की तो येणार नाही तिथे मीही येणार नाही. पुढच्याच महिन्यात तुम्ही गाव सोडलंत. तुझी पोर तेव्हा पाच वर्षांची होती.

बाबांच्या मागे मी तुमच्या दारात उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं नाही. त्या दिवशी वाटलं, चार दिवसांनी सांगू. चार दिवसांनी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील इतके दिवस का नाही सांगितलं. मग नोकरीचं पत्र आलं. त्यानंतर सांगणं म्हणजे स्वतःच्याच तोंडात मारून घेणं होतं. नोकरी करत राहिले, निवृत्तीपर्यंत. गल्लीतले अकरा जण घरी बसले आणि मी रोज डबा घेऊन त्याच फाटकातून आत जात होते. लोक वर मला बिचारी म्हणायचे, जावयाचं पाप हिला निस्तरावं लागतं म्हणून. मी तेही ऐकून घेतलं.

आता खरी गंमत ऐक. रडू आलं असेल तर पूस. मधल्या काळातला पत्रव्यवहार मी आर्किटेक्ट बाईंना शोधून दिला, त्यातून त्यांना उलगडलं. पाडकामाला पाचही जणांची संमती लागत होती. एकाची नव्हती, म्हणून फाइल वरून खाली, खालून वर अशी अकरा वर्षं फिरली. तेवढ्यात लोकांची मतं बदलली, साहेब बदलले, आणि जुन्या इमारती एकदम मोलाच्या ठरल्या. गोदी वाचली ती मेहुण्यांच्या एका पानावर. त्यांना हे माहीत तरी आहे का?

मी पान बाईंना देणार आहे, हे ठरलं. पण त्याआधी दोन गोष्टी. मेहुण्यांना विचार की चालेल का. आणि बाबांना सांगू का, ते मला तू सांग. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला असं सांगावं की नाही, मला खरंच कळत नाही. गेले कित्येक दिवस ते इतके खुशीत आहेत.

तू रागावशील. रागव. पण पत्राने रागव, गप्प राहू नकोस. गप्प राहण्याने काय होतं ते मी पुरतं पाहिलं आहे.

तुझी,
ताई


२८ एप्रिल, रविवार

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तुझी आठ पानं पोचली. पहिली सहा मी उभ्यानेच वाचली, बसायची हिंमत झाली नाही. मला तू जे जे म्हटलंस ते सगळं बरोबर आहे. 'कोडगी' हा शब्द तीनदा आला आहे, तिसऱ्यांदा त्याच्यावर पाणी पडून शाई पसरली आहे. त्यावरून मला धीर आला.

सातव्या पानाने मात्र मला खाली बसवलं. मेहुण्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टाचण्या मी लावताना त्यांनी वरच्या खिडकीतून पाहिलं होतं, आणि पान एकच आहे हेही. तरी तुलासुद्धा चौदा वर्षं सांगितलं नाही. तू चिडून कारण विचारलंस तेव्हा म्हणाले, 'म्हाताऱ्याजवळ राहायला एक मुलगी तरी हवी होती.' भिंगरी, हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

त्यांनी सुचवलं की पान खुशाल द्या, पण बाबांना कशाला दुखवता. ते मी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं एकदा दडवून जे झालं ते झालंच. पण हे झाकायला आता त्यांची मदत घेणं मला जमणार नव्हतं.

मागच्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी पान काढलं आणि बाबांसमोर बसले. ठरवलं होतं की हलक्या आवाजात, समजावून सांगायचं. पण माणूस विसरतो. बाबांच्या कानातलं मशीन नेमकं बंद पडलेलं. मी म्हटलं, 'बाबा, ही नोटीस अर्धीच लागली होती.' ते म्हणाले, 'अर्धी पोळी? नको, पोट भरलं.' मी पुन्हा सांगितलं. मग आणखी मोठ्याने. चौथ्या वेळी मी अक्षरशः कोकलत होते, 'दुसरं पान मी लपवलं! जावयाने पाडायला नाही म्हटलं होतं! मी लपवलं!'

खिडक्या सगळ्या उघड्या. भिंतींना कान असतात म्हणतात, आपल्या गल्लीला तर कानांशिवाय दुसरं काही नाहीच. मी वळून पाहिलं तर समोरचे वेल्डरकाका त्यांच्या खिडकीत दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून उभे. ते म्हणाले, 'इथवर ऐकलं. आता पान वाच.'

ते यादीतल्या अकरा जणांपैकी एक.

मी वाचलं. उभी राहून, खिडकीकडे तोंड करून, पहिल्या ओळीपासून. साठ नावांसकट. आपल्या गल्लीतलं नाव आलं की कोणत्या ना कोणत्या दारात हालचाल व्हायची. अकरांतले चौघं आता नाहीत, त्यांच्या घरांतून बायका बाहेर आल्या. शेवटचं नाव वाचून झालं. मला वाटलं, आता माझ्यावर काहीतरी येऊन पडणार. वेल्डरकाका म्हणाले, 'म्हणजे त्याने मला मोजलं होतं.' एवढंच. आणि दाढी पुरी करायला आत गेले. संध्याकाळी त्यांची बायको आली आणि म्हणाली, हे तुम्हाला आज नाही, उद्याही नाही, पण कधीतरी माफ करतील. मी म्हटलं, मी कुठे जात नाही.

आणि बाबा? बाबा उठले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि बाहेर गेले. दोन दिवस माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. माझ्या हातचा चहाही बंद. वेल्डरकाकांकडे जाऊन प्यायचे. तिसऱ्या दिवशी घरात आले आणि म्हणाले, तिथला चहा पाणचट असतो. मी मुकाट्याने आधण ठेवलं.

मग ते बोलू लागले. म्हणाले, ती शेवटची मोठी नौका दुरुस्तीला आली होती ना, तिच्या दोन्ही बाजू गोदीच्या दगडांना घासत होत्या. मी वंगण लावून, पाचर मारून ती आत घेतली आणि कोणाला बोललो नाही. 'गोदी लहान पडत होती, हे मला त्याच्या आधी दहा वर्षं माहीत होतं,' ते म्हणाले. 'त्याने ते कागदावर लिहिलं, म्हणून मला राग आला.'

मी विचारलं, मग माझ्यावरचा राग? ते म्हणाले, तो आहे, तो वेगळा ठेवला आहे, पुरवून पुरवून वापरणार. आणि खरंच वापरतात. काल भाजीत मीठ जास्त पडलं तर म्हणाले, मिठाचंही दुसरं पान लपवलंस का.

पान आता आर्किटेक्ट बाईंकडे आहे. त्यांना ते काचेत लावून खाली मेहुण्यांचं नाव टाकायचं होतं. तू लिहिलंस तसं मी सांगितलं की ते नको म्हणतात. मग ठरलं की पान आणि साठ जणांची यादी, दोन्ही शेजारी शेजारी लावायची, रेघांच्या माळ्यावर, आत शिरताच. यादीतल्या हयात माणसांना दुरुस्तीच्या कामावर शिकवायला बोलावलं आहे. एकोणतीस जण सापडले. त्यांतल्या बऱ्याच जणांना आता शिडी चढवत नाही, पण खाली उभं राहून वरच्याला चुका दाखवणं त्यांना फार छान जमतं. गोदीत पुन्हा आरडाओरडा सुरू झाला आहे.

सभागृह उघडणार आहे आठ जूनला. बाबांनी मला समोर बसवून सांगितलं की पत्रात काय लिहायचं. मी लिहीत होते, 'झालं गेलं विसरून या,' तर म्हणाले, खोड ते, मी काही विसरलेलो नाही. मग स्वतःच सांगितलं ते असं:

'त्याने पानावर दोरखान्याची लांबी दोनशे दहा पावलं लिहिली आहे. दोनशे चौदा आहे. मी परवा चालून पाहिली. इंजिनियर माणसाने असं चुकवू नये. त्याला म्हणावं, ये आणि माझ्यासमोर मोज. नातीलाही आण, आम्ही भांडलो तर आकडा लिहून घ्यायला तिसरं माणूस हवं.'

हे सांगताना त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. एवढ्यात ती मी पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यावरून उतरलेली पाहिली.

भिंगरी, तुझी खोली झाडून ठेवली आहे. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, जेवायला बस म्हणजे झालं. ती पहिली सहा पानं तोंडावर म्हणायची असतील तर तीही म्हण, फक्त खिडक्या लावून घेऊ का उघड्या ठेवू, तेवढं आधी कळव. गल्लीतले विचारताहेत.

मेहुण्यांसाठी पुढच्या चार ओळी, त्यांना वाचायला दे.

मेहुणे, तुम्ही खिडकीतून पाहिलंत आणि गप्प राहिलात. मीही गप्प राहिले. दोन्ही गप्प सारखे नव्हते, हे मला चांगलं कळतं. तुमच्यामुळे चौदा वर्षं बाबा माझ्याजवळ राहिले. उंबऱ्यात आलात की आधी मला तुमच्या हातातली बॅग घेऊ द्या. क्षमा कशी मागायची ते मला तोवर सुचेल.

तुमची वाट पाहणारी, आणि तुमच्या तिघांचीही अपराधी,
ताई